पुली लहान, उपद्व्याप महान

सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा, पट्ट्यावर फिरणारा पंप, यालाच ब्लोअर म्हणतात) असलेल्या गाडीची ताकद वाढवायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग कोणता, हे अमेरिकेत कुठल्याही कार मीटला उभा असलेला पोरगा सांगेल. ब्लोअरची वरची पुली काढा आणि तिच्या जागी लहान व्यासाची बसवा. पुली लहान झाली की इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत रोटर जास्त फिरतात, जास्त हवा कोंबली जाते, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब चढतो. पुलीला शंभरेक डॉलर पडतात. यातलं सगळं खरं आहे. फक्त त्यापुढचं "बस, एवढंच" हे धादांत खोटं आहे.

माझी गाडी २०१३ ची कॅमेरो झेडएल१. सहा गिअरची मॅन्युअल, ६.२ लिटरचं एलएसए व्ही८ इंजिन, आणि त्याच्या डोक्यावर ईटनचा १.९ लिटरचा टीव्हीएस सुपरचार्जर. कंपनीच्या कागदावर ५८० हॉर्सपॉवर आणि ५५६ पाउंड-फूट टॉर्क. (अस्सल अमेरिकन मसल कार म्हणून छाती फुगवून सांगावं, तर दाराच्या खांबावरची पट्टी म्हणते ती जुळली कॅनडात, ओशावाच्या कारखान्यात.) सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी केव्हाच संपलेली. तेव्हा बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायची सोय नव्हती आणि इंजिन उघडायला कुणाची परवानगीही लागत नव्हती.

"५८० कमी पडतात का?" असं घरातून विचारलं गेलं. नाही पडत. ऑफिसला जायला त्यातले शंभरसुद्धा लागत नाहीत. हा हौसेचा मामला आहे आणि हौसेला कारण जोडायला गेलं की माणूस खोटं बोलायला लागतो, म्हणून मी गप्प बसलो.

कशालाही हात लावण्याआधी गाडी आहे तशी मोजून घेतली. लोक हीच पायरी गाळतात आणि मग नंतरचा आकडा कशाशी ताडून बघायचा ते कळत नाही. डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून चाकांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चौथ्या गिअरमध्ये (या गिअरबॉक्समध्ये चौथा म्हणजे बरोबर एकास एक) चाकांवर ४९७ हॉर्सपॉवर आले. क्रँकवरचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचे ५८० आणि चाकांवरचे ४९७ यांतला फरक गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर खातात. पण त्याहून मजेशीर गोष्ट त्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते, ती म्हणजे करेक्शन फॅक्टर. एसएई जे१३४९ नावाचं मानक २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरून आकडा दुरुस्त करतं. जुनं 'एसटीडी' मानक १५.६ अंशांची थंडगार हवा आणि जास्त दाब धरतं. गाडी तीच, पुल (पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून घेतलेली धाव) तोच, नुसता मेन्यूतला पर्याय बदलला की आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो. म्हणजे बसल्या जागी वीस घोडे फुकट. यापुढे कुणी डायनोचा कागद नाचवला तर आधी कोपरा बघायचा, हे मी तिथेच ठरवलं.

शिवाय डॅलसच्या दक्षिणेला एनिस गावात टेक्सास मोटरप्लेक्स आहे, १९८६ साली बांधलेली, सरळ रेषेतल्या शर्यतींची, पूर्ण काँक्रीटची पाव मैलाची ड्रॅग स्ट्रिप. तिथे लोकांसाठी खुल्या असलेल्या एका रात्री गाडी पळवून घेतली: १२.३ सेकंद, शेवटच्या टोकाला ताशी ११८ मैल. हा ११८ मी वहीत लिहून ठेवला.

आता ब्लोअरबद्दल थोडं, कारण घोडं इथेच पेंड खातं. इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिलला फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स नावाचे दोन भाऊ होते. १८६० साली त्यांनी हवा ढकलणाऱ्या ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते लोखंडाच्या भट्ट्यांत वारा घालायला आणि खाणींत हवा खेळवायला वापरलं गेलं. माझ्या गाडीवरचा ब्लोअर त्याच घराण्यातला, फक्त रोटरला चार पाकळ्या आणि १६० अंशांचा पीळ. या जातीचा ब्लोअर हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही. तो ती नुसती पुढे लोटतो, आणि दाब तयार होतो तो मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पोकळीत) गर्दी झाल्यावर. त्या धक्काबुक्कीत हवा तापते. ३५ अंशांची हवा आत घेतली, मूळचा ९ पीएसआय बूस्ट आणि ६५ टक्के कार्यक्षमता धरली, तर ब्लोअरमधून निघणारी हवा शंभरी ओलांडते. बूस्ट साडेबारावर नेला की तीच १२५ अंशांच्या घरात. तापलेली हवा विरळ असते आणि नॉकला, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याला, आमंत्रण देते. म्हणजे पुली लहान करून आपण एका हाताने हवा देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. मधे जो वाचवतो तो ही हवा थंड करणारा इंटरकूलर.

पुली निघायलाही सोपी नव्हती. एलएसएची मूळ पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असते, तिला नट-बोल्ट नाही. भाड्याच्या पुलरचे जबडे तिच्या मागे अडकवले, मधला स्क्रू पान्याने आवळत नेला. बराच वेळ काहीच होत नाही. पान्याची दांडी वाकतेय की काय असं वाटायला लागतं, आणि मग एकदम 'टक्' असा आवाज येतो आणि पुली केसभर सरकते. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा काहीतरी तुटलंच म्हणून मी आणि मदतीला आलेला मित्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "बेअरिंग गेलं रे," तो म्हणाला. गेलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक अर्ध्या फेरीला तसाच टक्, टक् करत ती बाहेर आली. तिच्या जागी हब बसवला, आणि हबवर बोल्टने कसायची नवी पुली. पुढे आकार बदलायचा झाला तर आता काम पाच मिनिटांचं. हातोडा मात्र कुठेही वापरायचा नाही. शाफ्टच्या मागे बेअरिंग आणि गिअर आहेत, आणि त्यांना ठोका सहन होत नाही.

खालची, म्हणजे क्रँकवरची पुली मोठी करण्याचाही एक मार्ग आहे. त्या वाटेला मी गेलो नाही. या इंजिनाचा बॅलन्सर (क्रँकचे हादरे शोषणारं चाक) क्रँकवर नुसत्या घट्टपणावर बसतो. भार वाढला की तो जागेवर फिरू नये म्हणून क्रँक आणि बॅलन्सर यांच्या सांध्यावर छिद्र पाडून त्यात पिन ठोकतात. गाडीतच बसलेल्या क्रँकला ड्रिल लावायची माझी छाती नाही.

इंटरकूलरचं पाणी थंड करणारा नवा हीट एक्स्चेंजर पुढच्या बंपरमागे बसला. मूळच्यापेक्षा जाड, पुलीच्या कितीतरी पट महाग. इथे एक बारकावा आहे. या गाडीत इंटरकूलरचं पाणी इंजिनाच्या पाण्यापासून वेगळं असतं. स्वतंत्र टाकी, विजेचा पंप, पुढे रेडिएटरसारखा एक्स्चेंजर आणि ब्लोअरच्या झाकणात हवा थंड करणारे दोन गाळे. ही यंत्रणा एकदा रिकामी केली की भरताना हवेचा बुडबुडा झाकणात, म्हणजे सगळ्यांत उंच जागी अडकतो. पंप फिरत राहतो, टाकीत पाणी काठोकाठ दिसतं, आणि गाळे मात्र अर्धे कोरडे. म्हणून व्हॅक्यूमने भरायचं. कॉम्प्रेसरला जोडलेलं एक छोटं यंत्र टाकीच्या तोंडावर लावलं आणि आतली हवा खेचून घेतली. रबरी नळ्या आमच्या डोळ्यांदेखत चपट्या होत गेल्या. मग झडप बंद करून थांबलो. काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग कूलंटच्या बादलीत नळी टाकून झडप उघडली. बादली घटाघट रिकामी झाली आणि चपट्या नळ्या एकेक करून परत गोल झाल्या. अख्ख्या कामात मला सर्वांत समाधान देणारा भाग हाच.

स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे घातले, गॅप जरा कमी केली. दाब वाढला की ठिणगी विझू नये म्हणून. एअर फिल्टरचा डबा बदलला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता ट्यून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली इंधनाची आणि ठिणगीची गणितं बदलणारी फाइल. सुरुवातीला मी ईमेलवरून ट्यून मागवली. ज्याच्याकडून मागवली त्याचं नाव घेत नाही. दुरून ट्यून करणारे चांगले लोकही आहेत, पण ते आधी लॉग (चालत्या गाडीच्या नोंदी) मागतात, मग फाइल पाठवतात, परत लॉग मागतात. याने पैसे मिळाल्याबरोबर फाइल पाठवली. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ती भरली आणि भर दुपारी, निवांत रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये लॉग घेतला. ४,८०० आरपीएमला नॉक रिटार्ड चार अंश. म्हणजे ब्लॉकवरच्या सेन्सरला सिलिंडरमधला फटका ऐकू आला आणि संगणकाने घाबरून ठिणगी चार अंश मागे ओढली. त्याला कळवलं, तर उत्तर आलं, "खोटा नॉक आहे, सेन्सरची संवेदनशीलता कमी करतो."

खोटा नॉक असतो, हे खरं. सैल ब्रॅकेट किंवा एक्झॉस्टचा कुठेतरी बसणारा धक्का सेन्सरला फसवतो. पण तो ओळखायची सोपी कसोटी आहे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तीन अंश कमी करून तसाच पुल घ्यायचा. ब्रॅकेटला ठिणगीशी देणंघेणं नसतं, त्यामुळे खोटा नॉक तसाच राहतो. माझा गायब झाला. म्हणजे खरा होता. प्लग काढून भिंगाखाली पाहिले. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमकदार ठिपके असतील तर पिस्टनचं ॲल्युमिनियम उडायला लागलंय असं समजायचं. ठिपके नव्हते. मूळची फाइल परत भरली, पुलीही जुन्या मापाची लावली आणि थेट डायनोवर ट्यून करणारा माणूस शोधायला लागलो.

सापडला तो डॅलसच्या बाहेर एका शेडमध्ये काम करणारा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याने माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि विचारलं, "एमएएफ कुणी मोजलाय?" एमएएफ म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर. कुणीच मोजला नव्हता. नवा एअर फिल्टर आणि त्याची नळी आली की हवा मोजणाऱ्या सेन्सरसमोरचा प्रवाह बदलतो. मग संगणकाला वाटणारी हवा आणि प्रत्यक्षातली हवा यांत फरक पडतो, आणि इंधन, ठिणगी, सगळा हिशोब त्या चुकीच्या हवेवर चालतो. आधी ठिणगीशी खेळायचं आणि हवा नंतर मोजायची म्हणजे आधी कळस मग पाया. पहिला बराच वेळ त्याने एकही पूर्ण पुल घेतला नाही. कमी लोडवर, हळूहळू आरपीएम चढवत, एमएएफचा तक्ता ओळीने दुरुस्त करत बसला. बघणाऱ्याला कंटाळा येईल असं काम. मी शेडबाहेर दोन कॉफ्या पिऊन आलो तरी तो तिथेच होता.

मग लहान पुली लावली आणि पूर्ण पुल घेतला. लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.८१, नॉक शून्य, बूस्ट सुरुवातीला मस्त. पण स्क्रीनवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघ." मॅनिफोल्डचा दाब ५,००० आरपीएमला १८३ किलोपास्कल, ५,५०० ला १७६, ६,००० ला १६८. रूट्स जातीचा ब्लोअर इंजिनाशी पट्ट्याने बांधलेला असतो. इंजिन जोरात फिरतंय आणि दाब मात्र घसरतोय, याचा अर्थ पट्टा सरकतोय. बॉनेट उघडून पुलीच्या मागे बोट फिरवलं, तर बोटावर काळी, बारीक रबराची भुकटी. लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी मिळते, आणि फिरवायचा भार मात्र वाढलेला. एक जास्तीचा आयडलर (मोकळी फिरणारी पुली) बसवून पट्टा पुलीभोवती आणखी वळवला, पुलीही खरखरीत खाचांची घेतली. पुढच्या पुलला दाब शेवटपर्यंत १८५ च्या आसपास टिकला. ईमेलवाल्याने हा लॉग मागितला असता तर त्यालाही दिसलं असतं.

ठिणगीचं काम त्याने जसं केलं ते पाहण्यासारखं होतं. १३ अंशांपासून सुरुवात. एकेक अंश वाढवत गेला. १४ ला चांगली वाढ, १५ ला नऊ हॉर्सपॉवर, १६ ला सात, १७ ला जेमतेम दोन. १७ वर नॉकचा मागमूस नव्हता. मला वाटलं अजून एक चढवेल. तो परत १६ वर आला. "दोन घोड्यांसाठी हेड गॅस्केट पणाला कशाला लावायचं?" त्याचं गणित असं होतं की डायनोवरचा आजचा दिवस बरा आहे, एखाद्या पंपावर ९३ ऑक्टेनच्या नावाखाली काय मिळेल आणि ऑगस्टमध्ये सिग्नलला अर्धा तास तापून गाडी काय करेल, हे स्क्रीनवर दिसत नाही. मला ते पटलं. एका अंशाची ताकद सोडून दिली तर सीटवर बसून कुणालाच जाणवत नाही.

शेवटचा आकडा चाकांवर ५७५, एसएई. "एसटीडीवर छापून देऊ का?" त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं. तसं केलं असतं तर ५९८ आला असता, आणि मित्रांत "जवळजवळ सहाशे" असं सांगता आलं असतं. नको म्हटलं.

पण माझ्या लेखी त्या दिवसाचा खरा निकाल वेगळाच होता. इंजिन बंद न करता लागोपाठ पुल घेतले. मूळच्या एक्स्चेंजरवर दुसऱ्या-तिसऱ्या पुलला इंटरकूलरनंतरची हवा इतकी तापायची की संगणक आपणहून टायमिंग कापायचा आणि ताकद पायऱ्या उतरल्यासारखी खाली यायची. आता घसरण किरकोळ. तीही डायनोच्या पंख्यासमोर, जिथे महामार्गाच्या मानाने वारा काहीच नसतो. एका पुलचा उच्चांक कुणीही काढून दाखवेल, गाडी थंड करून, बॉनेट उघडून, ब्लोअरवर बर्फाच्या पिशव्या ठेवूनसुद्धा. पाचव्या पुलला काय उरतं ते विचारावं.

एक्झॉस्टला मी हात लावला नाही, यावर बरेच जण हसले. हेडर्स (मोकळ्या एक्झॉस्ट नळ्या) लावून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवला की आणखी ताकद मिळते, मान्य. पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर काढणं फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे, मग राज्य कुठलंही असो. कॅलिफोर्निया तर त्याहून कडक. तिथे धुरावर परिणाम करू शकणाऱ्या बाहेरच्या पार्टवर सीएआरबी या तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून साध्या गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद केली, त्यामुळे "आता काहीही चालतं" अशी समजूत पसरली आहे. तसं नाही. १७ काउंटींत (जिल्ह्यांत) धुराची तपासणी चालूच आहे, आणि डॅलस त्यात येतं. आमच्या ट्यूनरने कन्व्हर्टरवर नजर ठेवणारे मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद करून द्यायला ठाम नकार देणारी पाटीच भिंतीवर लावली आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी: संगणकात नवी फाइल भरली की सगळे रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच केलेल्या धूर-यंत्रणेच्या चाचण्यांच्या नोंदी) पुसले जातात. लगेच तपासणीला गेलात तर गाडी निर्दोष असूनही परत पाठवतात. थंड इंजिनाने सुरू करणं, थोडा वेळ आयडल, महामार्गावर एकसारखा वेग, मग ब्रेक न लावता नुसतं वेग ओसरू देणं, असं काही दिवस साधं चालवावं लागतं. एवढे उपद्व्याप करून शेवटी म्हाताऱ्यासारखी गाडी चालवायची, ही त्यातली गंमत.

ई८५ चा, म्हणजे भरपूर इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचा मोह झाला होता. ऑक्टेन उंच, आणि बाष्पीभवनात हवा थंडही करतं. पण पंपावर ई८५ लिहिलेलं असलं तरी त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांत काहीही असू शकतं, हिवाळ्यात कमीच. त्याला इथेनॉलचं प्रमाण ओळखणारा फ्लेक्स सेन्सर लागतो, आणि साधारण तीस टक्के जास्त इंधन जाणार म्हणून इंजेक्टर आणि पंपही नवे. मी तोपर्यंत शंभर डॉलरच्या पुलीपायी साडेतीन हजारांच्या पुढे गेलो होतो. हात आखडता घेतला.

गार हवेची रात्र बघून परत एनिसला गेलो. पहिल्या दोन गिअरमध्ये मागचे ३०५ रुंदीचे टायर नुसते गरगर फिरले, त्यामुळे वेळ फारशी सुधारली नाही, १२.० सेकंद. शेजारच्या लेनमधल्या जुन्या मस्टँगने मला सुरुवातीलाच मागे टाकलं. पण टोकाचा वेग ताशी १२४ मैल. वजन तेच असेल तर ताकद टोकाच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, असा ड्रॅग स्ट्रिपवरचा जुना ठोकताळा आहे. १२४ ला ११८ ने भागून त्याचा घन काढला तर १.१६, म्हणजे सोळा टक्के वाढ. डायनोचा ५७५ भागिले ४९७ देखील १.१६ च. गार हवेने त्यात थोडा हातभार लावला असणार, तेवढा सोडून दिला तरी डायनोचा कागद थापा मारत नव्हता. पुढचा खर्च टायरवर.